एका चोपडीतले तीन शेर

‘आक्कास दिले शेर ५.’

या एका ओळीवरून करवीर तालुक्यातल्या एका घरात आत्या आणि भाचरांचं बोलणं सात महिने बंद होतं. ओळ खरी होती. आज्ज्यांच्या हातची होती. वाचणाऱ्यानं अक्षर न् अक्षर बरोबर लावलं होतं, तरी अर्थ मात्र चुकला होता.

मी मोडी वाचते. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत बावीस वर्षं हेच काम चाललं आहे. पूर्वी खरेदीखतं, वाटणीपत्रं, देवस्थानाचे कागद यायचे. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी लोक माळ्यावरच्या ट्रंका उघडायला लागले आणि ज्या चोपड्यांना कोणी हात लावत नव्हतं त्याही उजेडात आल्या. ही चोपडी त्यातलीच. घराचं, गावाचं आणि कारखान्याचं नाव इथे देत नाही. कागदाबद्दल लिहायला घरच्यांची परवानगी आहे, नावांबद्दल नाही.

माणसं आणि मागणी

चोपडी लिहिणारे आज्जा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे दोन्ही मुलगेही आता नाहीत. त्या मुलग्यांचे मुलगे, म्हणजे दोन चुलतभाऊ, शेती करतात आणि बापाकडून आलेले साखर कारखान्याचे शेअर त्यांच्या नावावर आहेत. आज्ज्यांची मुलगी हयात आहे. वय सत्त्याऐंशी, निपाणीच्या बाजूला दिलेली. भाचरं तिला आत्ती म्हणतात. घरातली थोरली लेक म्हणून आज्जा तिला आक्का म्हणायचे, आणि चोपडीत तेच नाव आहे.

कुणबी नोंद शोधताना या भावांनी चोपडीतली नावं असलेली पानं तेवढी मोबाइलवर काढली आणि दुसऱ्या एका वाचकाकडून त्यांचं देवनागरी करून घेतलं. तो टंकलेला कागद घरच्या व्हॉट्सॲप गटावर गेला. आत्तीच्या मुलानं तो निपाणीत वाचला. ‘आक्कास दिले शेर ५.’ आमच्या भागात कारखान्याच्या शेअरला सगळे शेरच म्हणतात. त्यानं फोन केला: आईच्या नावचे पाच शेर कुठं गेले?

शेअर म्हणजे नुसते पैसे नसतात, हे ऊसपट्ट्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. शेअर असला की माणूस सभासद होतो, मताचा धनी होतो, त्याच्या ऊसतोडीला नंबर लागतो, सवलतीची साखर घरी येते. सासरी गेलेल्या लेकीचे पाच शेर भावांनी आपल्या नावावर फिरवले, असा त्या प्रश्नाचा अर्थ होत होता. दोघा चुलतभावांना तो झोंबला.

थोरला भाऊ मूळ चोपडी फडक्यात बांधून माझ्याकडे आला. म्हणाला, “ताई, आज्ज्यानं आत्तीच्या नावानं शेर ठेवलं असतील तर आमी आज देतो. पर नसतील तर तसं लिवून द्या. आमच्या बापाला चोर म्हटल्यालं ऐकवंना झालंय.”

रेघ

लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट चोपडी. अक्षर घोटीव, शाई फिकी झालेली. मोडी १९५० च्या सुमारास शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली, पण ज्यांचा हात तिच्यावर बसला होता ते पुढेही तिच्यातच लिहीत राहिले. आज्जा त्यांतले. पानावर मिती आहे: पौष, शके १८७८. म्हणजे १९५७ चा जानेवारी.

मूळ ओळ पाहिली आणि पहिल्या नजरेतच अडले. आकड्यापुढे एक उभी रेघ आहे. ‘शेर ५।’

देवनागरी करणाऱ्यानं ती रेघ वाक्य संपल्याची खूण मानली आणि तिच्या जागी पूर्णविराम दिला. त्याला दोष देताना मला जड जातं, कारण संस्कृत श्लोक वाचलेल्या कोणाच्याही डोळ्याला ती दंडासारखीच दिसेल. पण मोडीच्या जमाखर्चात वाक्याला दंड देत नाहीत. तिथे शब्दसुद्धा एकमेकांना चिकटून चालतात, विरामचिन्हांचं नावच नको. हिशेबात आकड्यापुढची उभी रेघ म्हणजे पाव. दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. रुपये असले तर ५। म्हणजे पाच रुपये चार आणे, मण असले तर सव्वापाच मण. एकक कुठलंही असो, रेघ पावच सांगते.

आज्ज्यांनी आक्काला सव्वापाच शेर दिले होते. आणि सव्वापाच शेअर कुठल्याही संस्थेच्या रजिस्टरात बसत नाहीत.

एका रेघेवर निकाल द्यायला मी तयार नव्हते. कलम टेकलं असेल, शाईचा ओघळ असेल. म्हणून शेजारच्या ओळी लावल्या. खारीक शेर १।, डिंक शेर ॥, पुढे खोबरं, हळीव, मग गुळाची एक ढेप. पानभर रेघाच रेघा. रुपयाचा आकडा एकही नाही. ज्या घरात बाळंतपण झालं आहे त्या घरातल्या कोणालाही ही यादी कसली हे सांगावं लागणार नाही.

मग सव्वापाच शेर काय? ओळीत वस्तूचं नाव नाही, आणि घोळ तिथेच झाला होता. मी पान मागे उलटलं. मागच्या पानाची शेवटची ओळ: ‘तूप घरचे’. त्या पानावर कोणाचं नाव नव्हतं, म्हणून भावांनी त्याचा फोटोच काढला नव्हता. तूप एका पानावर राहिलं आणि त्याचं वजन दुसऱ्या पानावर गेलं.

८० तोळ्यांचा पक्का शेर धरला तर एक शेर ९३३ ग्रॅमचा. सव्वापाच शेर म्हणजे सुमारे चार किलो नऊशे ग्रॅम. घरच्या म्हशींचं, कढवलेलं. ते साठवायला त्या माउलीला किती दिवस लागले असतील, हे ज्यानं लोणी कढवलं आहे त्याला कळेल.

वाचन

मी सगळ्यांना एकत्र बोलावलं. असं मी सहसा करत नाही. कागद वाचून लेखी द्यायचा आणि बाजूला व्हायचं, ही माझी रीत. पण हा कागद कोणा एकाच्या हातात दिला असता तर दुसऱ्यानं तो मानला नसता. दोघे भाऊ आले, धाकट्याचा मुलगा टेम्पो घेऊन आला, निपाणीहून आत्ती, तिचा मुलगा आणि सून आली.

आत्ती बसल्या बसल्या म्हणाल्या, “मी काय मागाय आलो न्हाई. बाबांचं अक्षर वाचून दाखवा म्हणाय आलो.” (कोल्हापूरकडची जुनी बाई स्वतःबद्दल ‘आलो’, ‘गेलो’ असंच बोलते. परगावच्या वाचकानं ते छपाईची चूक समजू नये.)

मी मागच्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागले. ‘तूप घरचे… आक्कास दिले शेर सव्वापाच.’ एवढं वाचते तोच सूनबाई, ज्यांची आई-बोली कन्नड आहे, मध्येच म्हणाल्या, “सेरु? सेरु म्हणजे मापाचं की. षेरु नव्हे.”

खोलीत सगळ्यात आधी कळलं ते मराठी न वाचणाऱ्या बाईला. याचं मला त्या वेळी नवल वाटलं आणि नंतर जितका विचार केला तितकं ते साहजिक वाटत गेलं. कन्नडमध्ये माप ते सेरु, दंत्य स घेऊन. कारखान्याचा शेअर तो षेरु. दोन शब्द, दोन लिहिण्या, गोंधळाला जागा नाही. (कन्नडला स्वतःचं एक तिसरं आहे: सेरु हे क्रियापदही आहे, जाऊन मिळणे, पोचणे. ते द्राविडी मुळाचं, मापाशी त्याचा संबंध नाही.) हिंदीतही तसंच. वजनाचा तो सेर, जनावर ते शेर. म्हणजे शेजारच्या दोन्ही भाषांत जे वेगळं राहिलं ते मराठीत एक झालं. ते मराठीनं स्वतःच्या जिभेनं एक केलं.

स चा श कसा झाला

या प्रकरणाचा गाभा मला इथे सापडला, म्हणून जरा थांबते.

मराठीत पूर्वीपासून स ला इ किंवा ए यांचा शेजार मिळाला की तो श होतो. संस्कृत सिंदूर, मराठी शेंदूर. सीमा, तिची शीव. सीव्यति, त्याचं शिवणे. सेवंती ती शेवंती. या सगळ्या मूळ शब्दांत स आहे, कुठेही श नाही. आपण रोज बोलताना हा नियम पाळतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो: पैसा पण पैशाला, घसा पण घशात, म्हैस पण म्हशी. कोल्हापूरच्या खानावळीत वाढपी ‘रस्सा घ्या’ म्हणतो आणि आपण ‘रश्श्याची वाटी इकडे’ म्हणतो. रूप बदललं की मधला छुपा य जागा होतो आणि स ला श करून टाकतो.

उत्तरेतला सेर दक्षिणेत मराठीच्या हद्दीत आला तेव्हा त्याला हाच नियम लागला आणि तो शेर झाला. शब्द जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’च्या काही प्रतींत ७२ टंकांचा सेर आणि ४० सेरांचा मण सांगणारा श्लोक मिळतो. तो मागाहून घातलेला आहे असं मानतात, पण घालणाऱ्यानं ही तुर्कांची संज्ञा म्हणून नोंदवली आहे, हे लक्षात घेण्यासारखं. मराठीत आल्यावर शेरानं मोठा संसार मांडला. धान्याच्या मापात दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. वजनात पावशेर, अच्छेर, नवटाक, पासरी. १९५६ च्या कायद्यानं दशमान वजनं आली, १९५८ च्या ऑक्टोबरपासून ठिकठिकाणी लागू झाली आणि १ एप्रिल १९६२ पासून सक्तीची झाली. शेराचा काटा मोडला, पण गंगावेशीच्या भाजीवाल्या मावशी अजून पावशेर मिरच्या देतात आणि २५० ग्रॅमचं वजन टाकतात.

शेर या लिहिण्याच्या जागी मराठीचा शब्द असा येऊन बसला, आणि बाकीचे आपापल्या वाटेनं तिथेच आले.

फारसीतलं जनावर शेर आलं. जुन्या फारसीत ते शेर आणि दूध ते शीर, पण फारसी लिपीत दोन्ही एकसारखीच लिहितात. आजच्या इराणात उच्चारही एकच झाला आहे, शीर, आणि तिथे नळाच्या तोटीलाही शीरच म्हणतात. आपल्याकडे जनावर ए घेऊन आलं आणि दूध ई घेऊन, म्हणून ईदला शिरखुर्मा पिताना कोणाला सिंह आठवत नाही. फारसीत जे दोन शब्द एकमेकांत मिसळले ते मराठीत वेगळे राहिले, आणि हिंदीत जे वेगळे राहिले ते मराठीत मिसळले. हे मला फार मोलाचं वाटतं. कुठली भाषा कुठे गोंधळेल हे तिच्या स्वतःच्या उच्चारांवर ठरतं, शेजारणीच्या नाही.

अरबीतला शिअ्र आला. तिथे त्याचा अर्थ कविता, आपल्याकडे कवितेच्या दोन ओळी. मधला घशातला वर्ण आपल्या तोंडात टिकेना, तो गळाला आणि आधीच्या इ ला ए करून गेला. तोही शेर. या शेराचं कोल्हापूरशी जवळचं नातं आहे. मराठीत गझल रुजवणारे माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, इथल्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते, आणि १९२५ चा फार्शी-मराठी कोश त्यांचाच. मोडी कागदातला फारसी शब्द अडला की मी आजही तोच कोश उघडते.

शेवटी इंग्रजीतला शेअर. त्या भाषेत त्याचं नातं कापण्या-कातरण्याशी आहे: कापून वेगळा केलेला वाटा. बोलताना मधला अ पडला की तोही शेर. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढच्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यातही कारखान्यांसाठी गावोगाव भागभांडवल गोळा व्हायला लागलं, आणि जो शेतकरी सकाळी शेरानं दूध मोजत होता तोच दुपारी शेर भरायला चावडीवर गेला. आज्जा त्या पिढीतले. त्यांच्या लेखणीला दोन्हीसाठी एकच लिहिणी होती, आणि ते लिहीत होते तेव्हा त्यांना स्वतःला काडीचाही संशय नव्हता.

माझी चूक

चोपडीत दुसरा एक शेर होता आणि तो मी चुकीचा लावला होता.

शके १८७७ च्या एका पानावर ओळ आहे: ‘पांदीकडे शेर लावला गडी ४ दिस २’. पांद म्हणजे शेताकडे जाणारी वाट. सगळ्यांना बोलावण्याआधी थोरल्या भावानं फोनवर विचारलं होतं की शेअरची आणखी कुठं नोंद दिसते का. मी म्हणाले होते, इथे ‘शेर लावला’ असं आहे, शेअरमध्ये पैसे लावले असावेत. वर्ष १९५५ चं, कारखान्याची हवा होती, वाक्य माझ्या मनातल्या चित्रात चपखल बसलं. चार गडी आणि दोन दिवस हे शब्द मी वाचले होते, पण विचारात घेतले नव्हते. शेअर घ्यायला मजूर लागत नाहीत.

ती ओळ मी वाचली तेव्हा आत्ती मान हलवत म्हणाल्या, “शेर लावला म्हंजे कुपाण केलं. चिकाचा शेर. पांदीच्या कडंनं हुता की आमचा. डोळ्यात चीक जाईल म्हणून आई आमाला तिकडं फिरकू देत न्हवती.”

शेर नावाची ती झुडपं मी पाहिलेली आहेत. पानं नसल्यासारखीच, नुसत्या हिरव्या गुळगुळीत काड्या, मोडली की पांढरा चीक. वनस्पतिशास्त्रात तिला यूफोर्बिया तिरुकल्ली म्हणतात. जनावर तोंड लावत नाही, कांडी खोचली तरी जगते, म्हणून बांधाला आणि पांदीला तिचं कुंपण करत. चीक डोळ्याला फार वाईट. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरीही तारेच्या कुंपणाच्या काळात वाढल्यामुळे ओळ वाचताना ते झुडूप माझ्या डोळ्यांपुढे आलं नाही. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला ते आधी दिसलं, मग शब्द.

मी सगळ्यांसमोर थोरल्या भावाला सांगितलं की फोनवर बोलले ते चूक होतं. तो म्हणाला, “आमालाबी ते पटलंवतं की ताई.” पटणारच. ज्या अर्थावर भांडण लागलेलं असतं तोच अर्थ सगळ्या पानांवर दिसायला लागतो.

टेम्पो

धाकट्या भावाच्या मुलाला तोवर राहवेना. त्याच्या टेम्पोच्या मागे ‘शेरास सव्वाशेर’ असं रंगवलेलं आहे आणि दोन्ही बाजूंना एकेक आयाळवाला सिंह. खाली एक हिंदी शेरही आहे, प्रेमभंगाचा. पणजोबा तालमीतले, गावात त्यांना सव्वाशेर म्हणत. त्याला वाटत होतं की सव्वाशेर म्हणजे सिंहापेक्षा मोठा सिंह.

मी त्याला सांगितलं की या म्हणीतला शेर तराजूतला आहे. एका पारड्यात शेर टाकला तर दुसऱ्यात सव्वाशेर टाकणारा भेटतोच. हिंदीत ही म्हण ‘सेर को सवा सेर’ अशी आहे, तिथे स असल्यामुळे वजन स्पष्ट दिसतं. मराठीत श झाला आणि वजनाच्या जागी हळूहळू जनावर येऊन उभं राहिलं. सव्वा सिंह कसा असेल, असा विचार कोणी करत नाही, कारण सव्वाशेर हा शब्द सव्वा काढूनच ऐकला जातो.

तो जरा हिरमुसला. मग आत्तीनं त्याला जवळ बसवून सांगितलं की तालमीत असताना तिचे बाबा एका बैठकीला सव्वाशेर धारोष्ण दूध प्यायचे, म्हणून ते नाव पडलं होतं. मापाचं नाव होतं ते. मुलानं ते ऐकलं आणि काही बोलला नाही. टेम्पोवरचे सिंह अजून आहेत. ते काढावेत असं मला वाटत नाही. फारसीतून आलेला तो शब्दही आता आपलाच आहे. पणजोबांचं नाव कुठून आलं ते मात्र त्याला आता माहीत आहे.

तिसरा शेर

इथे हे प्रकरण संपलं असतं तर भाऊ सुटले असते. पण चोपडी पुढे होती आणि मी सगळी वाचायची कबूल केली होती.

शके १८८० च्या पानावर ओळ आहे: ‘कारखाना शेर ३ भरले’. पुढे रुपयांचा आकडा, त्याखाली ‘पावती पेटीत’, आणि त्याखाली तीन नावांची जागा. हा शेर कारखान्याचा, यात शंका नाही. आकडा पूर्ण आहे, पुढे रेघ नाही. शेजारी रुपये आहेत, पावती आहे. आणि क्रियापद ‘भरले’ आहे. तूप दिलं जातं, झाड लावलं जातं, शेअरचे पैसे भरले जातात. आज्ज्यांनी एकदाही या तिघांची गल्लत केलेली नाही. खूण प्रत्येक ओळीत होती, फक्त ती शेर या शब्दात नव्हती.

तीन नावांपैकी दोन मुलग्यांची आहेत. तिसऱ्या जागी कसरीनं खाल्लेलं भोक आहे. भोकाच्या कडेला एक काना शिल्लक आहे, बस. तो आक्काच्या नावातला असू शकतो, आज्जीच्या नावातला असू शकतो, आज्ज्यांच्या स्वतःच्याही नावातला असू शकतो.

हे पान मी मोठ्यानं वाचलं तेव्हा खोली शांत झाली. थोरल्या भावाचा चेहरा उतरला. नुकतीच त्याच्या डोक्यावरची शंका गेली होती आणि मी दुसरी आणून ठेवली होती. मनात आलं की हे पान त्यांनी विचारलंच नव्हतं, गाळलं असतं तरी चाललं असतं. पण मग माझ्यात आणि ज्या कागदात मागचं पान नव्हतं त्या कागदात फरक काय उरला असता?

आत्तीच्या मुलानं विचारलं, “ताई, ह्यो काना आईचा म्हणून लिहून द्याल?”

मी नाही म्हणाले. आज्जीचा म्हणूनही लिहून देणार नव्हते.

लेखी काय दिलं

दोन्ही घरांना एकच मजकूर दिला. पहिल्या पानाचं वाचन मागच्या पानाच्या शेवटच्या ओळीपासून, ‘५।’ रेघेसकट, आणि खाली टीप: तूप, सव्वापाच शेर, वजन. दुसऱ्या पानाला टीप: शेर हे झाड, कुंपणासाठी, अर्थ घरच्या ज्येष्ठ व्यक्तीनं सांगितला. तिसऱ्याला टीप: शेअर, तीन, तिसरं नाव कागद खाल्ल्यामुळे वाचता येत नाही.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बदलल्या. गिऱ्हाइकानं पानाचा फोटो पाठवला तर मागचं आणि पुढचं पान आल्याशिवाय वाचन देत नाही. आणि हिशेबातल्या रेघा देवनागरीत जशाच्या तशा ठेवते, कंसात अक्षरी मोल लिहिते. काही जण म्हणतात, एवढी किचकट नक्कल नको, साधं लिहून द्या. मी देत नाही. कचेरीत किंवा घरच्या भांडणात पुढे उभा राहतो तो आमचा टंकलेला कागदच. मूळ चोपडी पुन्हा कोणी उघडत नाही.

तिसऱ्या नावाबद्दल दोन्ही भावांनी आणि आत्तीच्या मुलानं मिळून कारखान्याकडे जुनं सभासद रजिस्टर पाहायला मिळावं म्हणून अर्ज केला आहे. अर्जावर तिघांच्या सह्या आहेत. रजिस्टर अजून पाहायला मिळालेलं नाही.

त्या दिवशी उठताना आत्तीनं एकाच पानाची झेरॉक्स मागितली, तुपाच्या. निपाणी म्हैसूर राज्यात जाऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते, आणि त्यांचे बाबा तुपाची बरणी मांडीवर धरून एस.टी.नं आले होते, हे त्यांना आठवत होतं. किती तूप होतं ते मात्र ठाऊक नव्हतं. मुलगा शेजारी उभा होता, सदुसष्ट वर्षांचा. शके १८७८ च्या पौषात जन्मलेला तोच.

“तुझ्या वक्ताचं हाय हे,” त्या त्याला म्हणाल्या, आणि झेरॉक्सची घडी करून पिशवीत ठेवली.